मुख्य घड्याळ माझंच

३ तारीख, सकाळी ९.००
भाचीने आमच्या इमारतीत सहा बिनतारी घड्याळं लावली. तिच्या कंपनीची चाचणी. गच्चीवरच्याला उपग्रहाकडून वेळ कळते. ते शेजारच्याला सांगतं, ते पुढच्याला. निरोप पोचायला लागलेला वेळही म्हणे हिशोबात धरतात. म्हणजे सगळा ऐकीव कारभार! मी एकतीस वर्षं शाळेची घंटा सांभाळली ती मनगटावरच्या चावीच्या घड्याळावर. एक दिवस चूक नाही. मला उपग्रह शिकवतात!

येत्या ११ तारखेला, बरोबर अकरा वाजता, त्या घंटेचा शेवटचा टोल मी द्यायचा आहे. नंतर तिथे भोंगा बसणार. भोंगा!

४ तारीख, सकाळी ७.१०
गच्चीवरच्याचा प्लग काढला. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचं बटण दाबून त्याला ‘मुख्य’ केलं. रोज माझ्या घड्याळाशी जुळवणार. दोन मिनिटांत बाकीची निमूट माझ्यामागे! असा वर्ग जन्मात मिळाला नाही.

यांना बजावलं, माझ्या घड्याळाला चावी यापुढे मीच देणार. हे काही बोलणार होते. बोलू दिलं नाही.

५ तारीख
दूधवाला चार मिनिटं लवकर. जरब!

७ तारीख
दूधवाला बारा मिनिटं लवकर!! तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर कुरकुरत होते, पेशंट आधीच येऊन बसतात म्हणून. म्हटलं, आभार माना.

भाचीचा दौऱ्यावरून फोन. गच्चीवरचं बंद दिसतंय, कुणी हात लावला का? म्हटलं, कबूतर असेल. (लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी ही थाप ऐकली असती तर हातावर पट्टी.)

९ तारीख
टीव्हीच्या बातम्या सातला वीस कमी असतानाच सुरू. चॅनलला खरमरीत पत्र लिहिलं. हे म्हणाले, अगं, रेडिओ तरी लावून बघ. म्हटलं, ते एकाच माळेचे मणी.

१० तारीख
भाषणाची तालीम. विषय: वक्तशीरपणा. हे मध्येच पुन्हा काही सांगू लागले. व्यत्यय.

११ तारीख, सकाळी १०.४०
निघते. शाळा दहा मिनिटांवर, म्हणजे दहा मिनिटं आधीच हजर. हे मघापासून बूट घालून दारात येरझाऱ्या घालताहेत. अशी घाई बेशिस्त माणसंच करतात.

११ तारीख, संध्याकाळ
फाटकाशी पोचले तर मंडळी चहा पिऊन पांगत होती. घंटेची दोरी शिपायाच्या हातात. त्याला मी उशिराच्या वहीत कितीदा सही करायला लावली असेल, गणती नाही. म्हणाला, बाई, नियम तुमचाच. घंटा कुणासाठी थांबत नाही.

परत येताना यांनी सांगितलं. माझं घड्याळ पहिल्यापासून दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. एकतीस वर्षं रोज पहाटे चावी देताना हे ते चार मिनिटं पुढे सारत. कधी बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, तू कधी बोलू दिलंस?

१२ तारीख, वेळ यांना विचारावी लागेल
गच्चीवरचा प्लग कालच लावून आले. सगळी घड्याळं पुढे सरकली. एकानेही टोमणा मारला नाही.

पहाटे उशाशी खुडबुड झाली. हे माझ्या घड्याळाला चावी देत होते. मी झोपेचं सोंग घेतलं.