खाली उतरून फिरवायचे खटके

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रेता, राहणार चढावरचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते, डोके मात्र शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही, की गोड बोलून वळवलेले नाही. गोड बोलणाऱ्यांचा विषय पुढे येणार आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते पत्नी हयात असताना केले होते आणि त्यात सगळे तिलाच दिले होते.

वकीलबाईंचे म्हणणे असे की मृत्युपत्रात मिळकत लिहावी, मनातले लिहू नये. त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण मी मेल्यावर माझे म्हणणे लोकांनी बसून ऐकावे असा हा एकच कागद आहे, तेव्हा थोडे मनातलेही त्यांनी चालवून घ्यावे.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला मिळावी. ती परदेशी आहे. घर ठेवायचे की विकायचे ते तिने ठरवावे, मात्र विकल्यास ते तिच्या काकांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, मार्फत विकू नये. काका प्लॉट आणि बंगल्यांची दलाली करतात. या घराचा चढ जाहिरातीत त्यांनी ‘निसर्गरम्य प्रवेशमार्ग’ असा लिहिला असता, आणि त्या चढावर काय घडले ते गाळले असते.

कलम २. पत्नीची पुस्तके आणि तिचे मोठे घड्याळ टेकडीपलीकडच्या शाळेला द्यावे. ती तिथे गणित शिकवत असे. घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे. ते तसेच राहू द्यावे, तिने मुद्दाम ठेवले होते.

कलम ३. लांब दांड्याचे लोखंडी फावडे. हे मला शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना द्यायचे होते. त्यांच्या गाडीच्या मागे एक फावडे अडकवलेले आहे, पण ते प्लास्टिकचे असून शोभेचे आहे, आणि ही गोष्ट त्यांना अजून कळलेली नाही. परंतु डॉक्टर या मृत्युपत्राचे साक्षीदार होणार आहेत, आणि वकीलबाईंनी मला समजावून सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. नियम चांगला आहे. डॉक्टरांचे फावडे गेले. ते घरातच राहू द्यावे.

डॉक्टरांची गाडी मीच विकली. या भागातल्या बहुतेक फोर-बाय-फोर माझ्या हातून गेल्या आहेत, म्हणून त्याबद्दल दोन शब्द लिहितो. फोर-बाय-फोर म्हणजे जिची चारही चाके ओढतात अशी गाडी. ती चिखलासाठी, चढासाठी, जिथे रस्ता संपतो तिथल्यासाठी बनवलेली असते. माझ्या टेबलासमोर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारत असे, हीच का घेताय? उत्तर ठरलेले असे. जंगलात जायचे आहे, डोंगर पालथे घालायचे आहेत, गावाकडची वाट खराब आहे. मी मान डोलवून कागद पुढे करायचो.

खरी कारणे पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी कळायची. डॉक्टरांची उंची बेताची आहे. दवाखान्यात माणसे त्यांच्यापुढे आडवी असतात आणि ते वरून पाहतात, रस्त्यावरही त्यांना तसेच हवे होते. एका बँकेच्या मॅनेजरने घेतली, कारण साडूने घेतली होती. रंगही साडूपेक्षा एक छटा गडद मागितला. एक गृहस्थ रविवारी बागेत गाडीवर नळीने चिखल उडवायचे आणि सोमवारी तशीच ऑफिसात न्यायचे. एक बेकरीवाल्या बाई तेवढ्या खरे बोलल्या. म्हणाल्या, “लहान गाडीत होते तेव्हा सगळे हॉर्न मारायचे. आता मारून दाखवा म्हणावं.” त्यांना मी सीटकव्हर फुकट दिली.

आमची जीप मात्र पत्नीने निवडली. एका कंत्राटदाराने ती नव्या गाडीच्या बदल्यात दिली होती आणि शोरूमच्या मागच्या अंगणात ती धूळ खात पडली होती. मी तिला नवी, गुळगुळीत गाडी दाखवत होतो. ती या जुन्या जीपमध्ये जाऊन बसली आणि म्हणाली, “हिचे चारही कोपरे बसल्या जागेवरून दिसतात. आपल्याला कळतं तरी आपण कुठे आहोत.” इतक्या वर्षांत गाडी निवडण्याचे याहून चांगले कारण मी ऐकलेले नाही. घर चढावर होते, शाळा टेकडीपलीकडे होती, आणि मधला रस्ता नावाचाच रस्ता होता.

या जीपबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. गिअरच्या बाजूला एक छोटा दांडा आहे. तो ओढला की पुढच्या चाकांकडे जोर जातो, पण चाकांपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध बाहेरून एक खटका आहे. खाली उतरून तो हाताने फिरवावा लागतो. आत बसून नुसता दांडा ओढला तर फक्त मागचीच चाके फिरतात आणि गाडी आहे तिथेच रुतत जाते.

पत्नीचा नियम होता. चिखल आला की चालवणाऱ्याने उजवा खटका फिरवायचा आणि शेजारी बसलेल्याने डावा. पाहुणा असो, मुख्याध्यापिका असोत, कोणालाही सूट नव्हती. तिची बहीण, म्हणजे माझी मेव्हणी, जीपला आयुष्यभर खटारा म्हणत आली, पण कुरकुरत का होईना उतरून डावा खटका फिरवायची आणि वर, पेट्रोलही मीच भरायचं की उतरून गाडीही ढकलायची, असे विचारायची. सूट मिळाली ती एकालाच. माझ्या धाकट्या भावाला. त्याचे बूट नेहमी पांढरे असत. तो पायाकडे बघायचा आणि ती हसून म्हणायची, “बसा हो भावजी तुम्ही.” मग दोन्ही खटके तीच फिरवायची आणि हा आतून काचेतून बघत राहायचा.

कलम ४. जीप. हेच मुख्य कलम आहे.

सहा वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला धाकटा सकाळी जीप घेऊन गेला. त्याला कुठल्याशा प्लॉटवर तिच्याजवळ उभे राहून जाहिरातीसाठी फोटो काढायचा होता. त्याच सकाळी टाकीकडे जाणारी पाण्याची मोठी लाइन फुटली आणि आमच्या चढाचा चिखल झाला. दुपारी जेवणाची ताटे घेताना पत्नीच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स चढाच्या पायथ्याशी येऊन थांबली. तिथली दोन माणसे स्ट्रेचर घेऊन वर निघाली, तर एकाचा पाय घसरून मुरगळला आणि स्ट्रेचर तिथेच अडले. शेजारचे डॉक्टर गाडी घेऊन दवाखान्यात गेलेले. मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, “आलोच दादा.” आणि आला, हे मी नाकारत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून चढाचे दुसरे वळण दिसते. जीप तिथे अडकली. मागची चाके गरगर फिरत होती, चिखल मागे उडत होता, आणि पुढची चाके जागच्या जागी होती. मी फोनवर सांगितले, खाली उतर आणि पुढचे खटके फिरव. तो म्हणाला, दांडा ओढलाय. मी पुन्हा सांगितले. तो म्हणाला, “दादा, तुझा फोर-व्हीलच बिघडलाय. मी दुसऱ्या गाडीसाठी फोन लावतो.” आणि काच वर करून तो खरोखरच फोन लावत बसला. मी तिला सोडून खाली जाऊ शकत नव्हतो. तिने माझा हात धरलेला होता.

मेव्हणीला मी आधीच कळवले होते. ती पायथ्यापासून चालत आली, चपला हातात घेऊन. वळणावर पोहोचली, जीपच्या पुढे वाकली, डावा खटका फिरवला, वळसा घालून उजवा फिरवला, आणि काचेवर चपलेने टकटक केली. जीप एका दमात वर आली. त्याच जीपमधून आम्ही पत्नीला खाली नेले, मेव्हणी मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले की जरा आधी आणले असते तर प्रयत्न करता आले असते. धाकटा तेव्हा बाहेर टिश्यू पेपरने बूट पुसत होता.

घाबरलेल्या माणसाच्या हातून चूक होते, हे मला समजते. तेवढ्यावर मी त्याला आयुष्यभर पाण्यात पाहिले नसते. पण घरात माणसे भेटायला आली तेव्हा तो माझ्याच खुर्चीत बसून सांगत होता, “ऐनवेळी दादाच्या जीपनं दगा दिला हो. जुनं धूड ते, देखभाल नाही. मी जिवाचं रान केलं.” माणसे माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडले नाही, कारण तिचा फोटो अजून भिंतीवर लावायचा होता आणि मला तिथे भांडण नको होते. गेली सहा वर्षे तो ही गोष्ट मीठमिरची लावून सांगतो आहे. नातेवाइकांत आता तीच खरी समजतात. माझ्या मुलीनेसुद्धा एकदा फोनवर दबक्या आवाजात विचारले, “बाबा, गाडी खरंच बिघडली होती का हो?” तो प्रश्न मला तिच्या आईच्या जाण्याइतकाच लागला. म्हणून येथे लिहून ठेवतो, आणि हे शपथेवर समजावे: जीप बिघडलेली नव्हती. जीप कधीच बिघडलेली नव्हती. तो उतरला नाही.

त्यानंतर त्याने स्वतःसाठी मोठी फोर-बाय-फोर घेतली, तिच्यात बटण दाबले की काम होते. मी कारण विचारले नाही. आता जुन्या जीपांना भाव आला आहे, लोक त्या रंगवून मिरवतात, तेव्हा याला आमची जीप हवी आहे. दर भेटीत विषय काढतो. चार लोकांत “दादाची जीप माझ्याकडेच येणार” असे सांगूनही मोकळा झाला आहे.

माझा राग गेलेला नाही. तो जावा असे मला वाटतही नाही. पण तो माझा धाकटा भाऊ आहे, शाळेत त्याची नाडी मी बांधलेली आहे, आणि ती त्याला “बसा हो” म्हणायची ते मायेने म्हणायची. जीप त्याला द्यावी की नाही हे माझ्याने ठरत नाही. म्हणून ते त्यानेच ठरवावे अशी व्यवस्था मी केली आहे.

जीप माझ्या धाकट्या भावाला मिळावी. मात्र त्याला मी दुसरा साक्षीदार म्हणून बोलावले आहे. कलम ३ मधला नियम त्यालाही लागू आहे. हे कागद सहीपूर्वी त्याच्यासमोर ठेवले जातील. चष्मा असेल, उजेड असेल, चहा असेल, घाई नसेल. त्याने वाचले, तर सही करू नये हे त्याला आपोआप कळेल. वकीलबाईंचा कारकून बाहेर बसलेला असेल, तो त्याच्या जागी सही करील, आणि जीप माझ्या भावाची होईल. वर लिहिलेले वाचूनही ती त्याला घ्यावीशी वाटली, तर माझी हरकत नाही. वकीलबाईंना हा प्रकार पसंत नाही, पण सूचक खोकणार नाही असे त्यांनी मला वचन दिले आहे.

त्याने न वाचता सही केली, तर जीप माझ्या मेव्हणीला मिळावी. तिला गाडी चालवता येत नाही आणि तिला तो खटारा नको आहे. तरीही तिलाच मिळावी.

कलम ५. जीप ज्याच्याकडे जाईल त्याने ती रंगवू नये. डाव्या खटक्याच्या कडेला पत्नीच्या अंगठीचे ओरखडे आहेत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे, समजून घेतला आहे, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

ठिकाण: चढावरचे घर, जेवणाची खोली.
दिनांक: रविवार. तिला जाऊन आज सहा वर्षे झाली.

मृत्युपत्र करणारा: (सही)

आमच्यासमोर त्याने सही केली आणि त्याच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार १: शेजारी, दातांचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ (सही)

साक्षीदारांच्या सह्यांखाली लिहिलेले धरले जात नाही, असे वकीलबाई सांगतात. न धरले तरी चालेल.

तो वेळेवर आला. गाडी अगदी दाराला लावली, अंगणातही पाय टाकावा लागू नये अशी. आजची तारीख त्याच्या लक्षात नव्हती. चहा घेतला, आणि जीपला कुठला हिरवा रंग द्यायचा ते डॉक्टरांना सांगत बसला. मी कागद त्याच्यापुढे सरकवले, वर चष्मा ठेवला आणि म्हणालो, “आधी एकदा वाचून घे.” वकीलबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने कागदांची चळत अंगठ्याने फर्रकन उलटली आणि शेवटच्या पानावर थांबला. मी पुन्हा म्हणालो, “वाच रे, मला घाई नाही.” खरे सांगतो, त्याने चष्मा उचलावा म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

तो म्हणाला, “दादा, ते तू बघितलंच असशील. मला फक्त सही कुठे करायची ते सांग.”

मी जागा दाखवली.