बाभळीतला खिळा

आप्पा, तुमच्या डोळ्यात गेलेला तो यंत्राचा लोखंडी दात तुमच्या कच्च्या वेल्डिंगमुळं उडाला नव्हता. बाभळीच्या बुडख्यात खिळा होता, आणि तो मायनं ठोकून घेतला होता. मला हे मंगळवारी कळलं. तेव्हापासून मी घरात नुसती फिरते आहे, गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या जावयांना सांगावं तर ते म्हणतील, म्हातारीचं काय मनावर घेतेस. म्हणून हा कागद घेतला.

मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. परभणीच्या दवाखान्यात तिला हिरवा झगा घालून बाकावर बसवलेली, डोळ्यावर खूण केलेली. आत न्यायला बाई आली तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "तुझ्या आप्पाचा डोळा म्या घालवला." मला वाटलं घाबरून बरळते आहे. मी म्हटलं, माय, गप बस, दहा मिनिटांचं काम आहे. तर म्हणाली, "लय वर्सं गप बसले. आता आत जाऊन न्हाई आले भाईर तर?" आणि त्या बाईला थांबवून तिनं मला सगळं सांगितलं.

तुमचं ते यंत्र मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. कालव्याचं पाणी आपल्या शिवारात येणार म्हणून सगळ्यांना घाई झालेली, आणि आपल्या रानात निम्म्या भागात बाभळी. झाडं तोडून लाकूड गेलं, बुडखे तसेच राहिले. खणायला माणूस मिळेना, निम्मा गाव ऊसतोडीला गेलेला. तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, तुमचा हात कुठं स्वस्थ बसायचा? भंगारातून जीपचा गिअरबॉक्स आणला, जाड पत्र्याचं चाक कापून घेतलं, ट्रकच्या स्प्रिंगचे तुकडे करून त्याच्या कडेला दात म्हणून वेल्डिंग केले आणि सगळं आपल्या जुनाट ट्रॅक्टरच्या मागं जोडलं. ट्रॅक्टर फिरवेल तसं चाक फिरायचं आणि बुडख्याचा भुगा उडायचा. लोकांनी त्याला बुडखेखाऊ नाव ठेवलं. पेडगावहून माणसं बघायला यायची आणि वर शहाणपण शिकवून जायची. एक म्हातारा म्हणाला, "आप्पा, हे लाकूड खायलंय तंवर ठीक हाय, धन्याला खाऊ नये म्हंजे झालं." सगळ्यांत जोरात तुम्हीच हसलात. मी सीटवर बसून चाक वरखाली करायची, तुम्ही मागं उभं राहून लांब दांड्यानं ते डावीउजवीकडं ढकलायचा. मुलगी ट्रॅक्टरवर बसते म्हणून भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या पोरीला ब्रेक कळतो, तुमच्या पोरांना नुसता हॉर्न कळतो." ते ऐकून मी दिवसभर ताठ बसले होते.

बांधावरच्या थोरल्या बाभळीचा बुडखा तुम्ही शेवटी ठेवला होता. आपल्याकडं कुणाला बाहेरचं झालं, पोराला झटके यायला लागले, की देवऋषी बाभळीत खिळा ठोकून ते तिथं बांधून टाकतो. आणि ज्यानं ठोकून घेतला त्यानं ते कधीच बोलायचं नाही, बोललं की खिळा सुटला. तुमचा यावर काडीचा विश्वास नव्हता, पण लोखंडाचं भय होतं. तुम्ही पारावर जाऊन विचारलंत, "कुणाचा खिळा असंल तर सांगा. म्या हसणार न्हाई. लोखंडावर दात बसला तर उडंल, माणूस जाईल." सगळे एकमेकांकडं बघत बसले. तुम्ही घरोघरी गेलात. मग कुऱ्हाडीनं सालपं काढून बुडखा तपासलात, दोन गंजके खिळे निघाले, ते मला दाखवून म्हणालात, बघ, गावचं एवढंच भूत. आणि त्या दिवशी जेवताना तुम्ही मायलाही विचारलं होतं. मला ते आठवत नव्हतं. तिला आठवतं. ती म्हणाली, "त्यांनी इचारलं, तुला काय ठावं हाय का. म्या कढी वाढली."

दुसऱ्या दिवशी सकाळी माय भाकरी घेऊन बांधावर आली आणि उभी राहिली. रोज ती टोपलं ठेवून लगेच परत जायची. त्या दिवशी गेली नाही. मी वळून बघते आहे, तुम्ही तोंडाला उपरणं गुंडाळून वाकला आहात, चाक खाली येतं आहे. मग एक आवाज, तुम्ही बसलात, उपरणं लाल झालं. नामांतराच्या मोर्च्यामुळं त्या दिवशी एसट्या बंद होत्या. मागचं यंत्र सोडवायलाही कुणाला सुचलं नाही, तसंच ओढत मी ट्रॅक्टर परभणीला नेला. माय मडगार्डवर बसून तुमचं डोकं छातीशी धरून होती. सगळ्या रस्त्यात ती एक शब्द बोलली नाही. मी समजत होते, दुःखानं.

मला लहानपणी झटके यायचे हे मला माहीत होतं, ते कसे थांबले ते माहीत नव्हतं. तुम्ही जिनिंगच्या पाळीवर गेलेले असताना मायनं मला कडेवर घेऊन त्या बाभळीखाली नेलं होतं. देवऋषी तिला म्हणाला होता, तोंडातून निघालं तर पोरीवर येईल, पोरीच्या पोटच्यावर येईल. झाड वाढलं, खिळा आत गेला, पण कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. "बांधावर हुबी राहिले," ती म्हणाली, "वाटलं, चुकून बाजूनं जाईल चाक. देवाला म्हनले, खिळ्याला लागू देऊ नको. आन लागलाच तर..." आप्पा, ती तुम्हाला मरताना बघायला तयार होऊन उभी होती. माझ्यासाठी. मी हे लिहिते आहे आणि माझा यावर अजून विश्वास बसत नाही. मला तिचा राग यायला हवा, तो येतोही, आणि लगेच माझीच मला लाज वाटते.

पण खरा धक्का त्याच्या पुढचा आहे. तुम्ही पट्टी बांधून घरी आलात आणि भेटायला येईल त्याला सांगत सुटलात, "माझंच वेल्डिंग कच्चं व्हतं." ज्या माणसाच्या वेल्डिंगची लोक झरी गावापर्यंत खात्री देत होते, त्याच्याकडं पुढं कुणी साधा फाळ घेऊन आलं नाही. मीही तेच मानत आले. तुम्ही तो बुडखा शेण्या रचून जाळलात, तीन-चार दिवस धुमसत होता. माय म्हणाली, "राख निवल्यावर म्या खिळा उचलाया गेले. कुनाच्या हाती नगं पडाया. वर बघितलं तर ते बांधावर हुबे. बघायलेच व्हते." मी विचारलं, मग? "मंग काय. म्हनले, चल, चहा टाक. जलमभर पुन्ना इचारलं न्हाई."

तुम्हाला माहीत होतं, आप्पा, तरी दोष वेल्डिंगवरच ठेवलात. तिनं तुम्हाला सांगितलं नाही हे माहीत असताना तुम्ही तिच्याशी सुखानं संसार केलात, एका डोळ्यानं तिच्या साडीचा रंग निवडलात, ती आजारी पडली तर उशाशी बसलात. मला वाटायचं मी तुम्हा दोघांना ओळखते. तुमच्यात एवढं काही घडून गेलं आणि एकाच ताटलीतून शेंगा फोडत बसलेले तुम्ही मला दिसत राहिलात.

मायचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिनं डॉक्टरला बघितलं नाही, मला बघितलं नाही. म्हणाली, "नात बरी हाय न्हवं?" नात, म्हणजे माझी लेक, बरी आहे, आत झोपली आहे, थोडा ताप आहे, सर्दीचा. सर्दीचाच आहे. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. खिळ्यानं आजार जात नाही आणि बोलल्यानं परत येत नाही, हे मी शेकडो पोरांना सांगितलं. हा कागद मी तुमच्या फोटोपुढं बसून मोठ्यानं वाचणार होते, निदान तुमचं वेल्डिंग पक्कं होतं एवढं तरी या घरात एकदा उच्चारलं जावं म्हणून. आता घडी घालते आहे. वाचला नाही, आप्पा. ओठसुद्धा हलू दिले नाहीत.