हेल्मेट माझ्याकडे आहे

दादा,

हेल्मेटसाठी कपाटं उचकटू नकोस. ते घेऊन मी पहाटेच्या बसने पुढे गेलेय. दूध तापवलंय, चहा घे आणि नऊची बस पकड.

वर्षभर आपण बेत केला, पहिल्यांदाच एवढी मोठी ड्रॅग रेस, सरळ रस्त्यावरची गाड्यांची शर्यत, बघायची, तू आणि मी. काल तिकिटं घ्यायला तुझा खण उघडला. तिकीट एकच, माझं. खाली तुझा भरलेला फॉर्म, तोही ड्रायव्हर म्हणून! म्हणजे परवा टेम्पोत चढवून 'रंगवायला' पाठवलेली गाडी तिकडेच गेली. मला काय दुधखुळी समजतोस?

हेल्मेटशिवाय तिथे गाडी पळवू देत नाहीत, हे त्याच फॉर्मवर छापलंय. आईला मी काही बोलले नाही. तिच्याशी काय खोटं बोलायचं ते तुझं तू बघ.

पळवू नकोस असं मी म्हणत नाही. पण 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे' याच्यापुढे मला न विचारता माझा नंबर लिहिलास. तो मी खोडलाय. फोनची वाट बघत मी घरी बसणार नाही. सुरुवातीच्या रेषेपाशी उभी असेन. हेल्मेटचा पट्टा मी बांधेन, मगच निघायचं.

बारकी