खाली घातलेली मान

धामणगाव बढे

प्रिय उत्तम,

आमच्या शाळेत तुझा सत्कार झाला त्या दिवशी चहा पिता पिता तू एकदम विचारलंस, उरलेली वर्षं सोबत काढू का? आणि मी म्हणाले, चहा थंड होऊन राह्यला. पन्नाशीची मास्तरीण, साप्ताहिकातून साऱ्या तालुक्याची सालटी काढणारी, आणि उत्तर काय, तर चहा! तू नुसता हसलास. फौजेतल्या माणसाला माघार ओळखता येते.

तुझं भाषण मात्र डोक्यातून जात नाही. पोरांनी विचारलं, किती दुश्मन मारले? तू म्हणालास, पुष्कळ गोळ्या मारायला नसतातच. समोरच्यानं डोकं वर काढू नये, एवढ्यासाठी नुसत्या सोडत राहायच्या. पोरं हिरमुसली. मी तिसऱ्या रांगेत गार पडले. मी तुझं नाव काढलं तेव्हा मला वाढवणाऱ्या काकांनी तरी माझ्यावर कुठं हात उगारला होता? रोज ओट्यावर बसून एवढंच, "जातीत तोंड दाखवाले जागा राहू दे, बाई." तेवढ्यानं भागलं. मला पाहायला आलेल्या पाव्हण्यांनी रीतीप्रमाणे कागद-पेन पुढं केलं, म्हणाले, नाव लिहून दाखव. पाच पुरुषांसमोर हातात पेन होतं, उत्तम! 'नाही' लिहायला किती शाई लागते? मी वळणदार अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. काका खूश. "अक्षर पाहा हो, मोती!" त्याच मोत्यांनी आता मी जगाला शहाणपण शिकवते.

संसार वाईट नव्हता. रमाकांत भला माणूस. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. मधे छातीत दाटायचं म्हणून बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. हृदय ठणठणीत निघालं. बाई म्हणाल्या, काही गोष्टी माणूस खरंच विसरतो, काही जाणूनबुजून मागं सारतो, तुमचं कोणतं? मी म्हटलं, विसरले. साफ खोटं. भरतीला निघालास तेव्हा एसटीच्या खिडकीतून काढलेला तुझा हात मी तीस वर्षं रोज मागं सारते. रोज सारावा लागतो, यातच काय ते समज.

आज सकाळी पुण्याला ऋत्विकला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पोरगा म्हणाला, "आई, तुझ्या हातचं तिखट त्यांना सोसेल का?" मी म्हटलं, विचारून कळवते. म्हणून हे पत्र. रविवारी जेवायले ये. तुझं डोणगाव इथून जवळ नाही, सकाळीच निघ. भरदुपारी ये, पुढच्या दारानं ये, आणि गल्लीत कोणी विचारलं, कोणाकडे चालले, तर माझं नाव घे.

अजून तुझीच,
छाया