कडेवरचा बाळकृष्ण

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आले : कमरेला बांधायची पिशवी, नग १, काळी, रुंद पट्ट्याची — रु. ६४९. अरुंद पट्ट्याची २९९ ला होती, माझे मन तिकडेच! गार्गी पुण्याहून फोनवर ओरडली, "आई, साडीत वाचव, बाबांच्या पाठीत नको! पट्टा रुंद असला तरच वजन कमरेच्या हाडावर बसते."

चिखलीच्या डॉक्टरांचे बोलणे कानातून जात नाही. "गुरुजी, खांद्याला झोळी अडकवून सायकल मारत राहिलात तर डावा पाय कामातून जाईल." हे हसले. म्हणे, आडगावांना एस.टी. कुठे आहे? पूजेला कोण जाणार?
दुपारी हे झोपले असता पायाला चिमटा काढून बघितला. कळले नाही यांना!

२६ नोव्हेंबर
पिशवी भरायला बसले. आधी पोथ्यांचे बासन हातात आले, मग पितळी बाळकृष्ण — आणि हात थांबला. देव कमरेला बांधायचा? घामाच्या पट्ट्याला?
यांना विचारले.
"अगं, बाळ आहे तो. बाळ कडेवरच असते. गार्गीले कडेवर घेऊन तू साऱ्या उंद्री गावात फिरली, तिचा काय अपमान झाला?"
थट्टा सुचते! मला तर घाम फुटला.
शेवटी गजानन महाराजांच्या फोटोपुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. 'नको' निघाली. देव झोळीत. पोथ्या झोळीत. मग घंटा, शंख, ताम्हन — तेही देवाचेच की! जड तेवढे सगळे झोळीत गेले. पिशवीत पंचा आणि सुपाऱ्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. हे वाकडे होऊनच परतले. पिशवीचे कौतुक मात्र करत होते — माझ्यासाठी.

१ डिसेंबर
जिना चढताना डावे पाऊल घासत नेतात. विचारले तर, "काऊन भितेस?" महाराज, मी चुकले तर मला शिक्षा करा, यांना नको.

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती
कचरूच्या ऑटोतून आणले. आडवे!
चढावर डावा पाय पायडलवरून सुटला. जमिनीला टेकला तेही कळले नाही. कचरू म्हणाला, "काकू, गुरुजी पडले पन झोळी नाही सोडली. दोन्ही हातानं छातीशी धरून व्हते. एक हात टेकवला असता तं कमरेवर नसते आदळले."
झोळी उघडली. देवाला ओरखडा नाही.

५ डिसेंबर
डॉक्टर — "तीन महिने पडून राहायचे. पायाचे मग बघू."
मग बघू! हेच मला सहन होत नाही.

७ डिसेंबर, रविवार
यांना बघायला पलीकडच्या गावच्या मंजुळाबाई आल्या. जाताना माझा हात धरला. "गुरुजी नाही तं काकू, तुमीच या. शेवटच्या गुरुवारची कहानी तुमाले पाठ हाये. उद्यापन कसं ठेवू अर्धं?"
मी? सायकलवर? देव घेऊन?
हे पडल्या पडल्या म्हणाले, "मॅट्रिकपर्यंत सायकलनंच जायची ना शाळेत?"
"अहो, मी पडले तर?"
"मग कडेवर घे त्याले. दोन्ही हात मोकळे राह्यतात."
या वेळी हसले नाहीत. डोळे भरले होते यांचे.
मी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत.

८ डिसेंबर
पिशवीच्या दुकानाला कार्ड टाकले. मजकूर —
"आपली पिशवी उत्तम आहे. पण पट्टा पूर्ण आवळूनही मला सैल होतो. बाईच्या बारीक कमरेसाठी लहान पट्टा मिळेल काय? आत बाळकृष्ण बसणार आहे. शेवटचा गुरुवार १८ तारखेला आहे. कृपा करून उलट टपाली कळवावे."