चिमणाबाईचा गूळ

२ डिसेंबर
कागलहून आले. राजारामपुरीत खोली मिळाली, खालीच मिसळीचं दुकान! आप्पांनी मला लहानपणी घरीच शिकवलं. दिसलं तेवढंच लिही, हा त्यांचा पहिला धडा. इथलं कामही तेच. या खासगी शिकार संग्रहालयात कोणत्या वस्तूपुढे प्रेक्षकांना, कर्मचाऱ्यांना काय वाटतं, ते चेहऱ्यांवरून नोंदवायचं. मालक राजवर्धनसाहेब हसतमुख. त्यांची पाच वर्षांची संयोगिता दालनांतून बागडत असते. पेंढा भरलेल्या वाघाचं नाव तिने गुंडू ठेवलंय.

४ डिसेंबर
वाघाशेजारी जुना फोटो आहे. साहेबांचे पणजोबा बंदूक घेऊन, मागे हाकारे घालणारे, कडेला चिमणाबाई नावाची एक बाई. झाडलोट करणाऱ्या हुसेनबींनी सांगितलं: वाघ येईना, म्हणून पणजोबांनी हिचं तान्हं पोर झाडाखाली रडत ठेवलं. वाघ आला. गोळी उशिरा सुटली. मग हिला तशीच उभी करून फोटो काढला.
हुसेनबी रोज दार उघडण्याआधी तिच्यापुढे गुळाचा खडा ठेवतात. म्हणतात, बाई, ही पावणं हायत, मालकांची पोरगी बी पावणीच, तुझं वैर ह्यांच्याशी न्हाय. गेटवरचे पिराजी चिडवतात, हुसेनबी, मुंग्या पाळताय व्हय? पण त्यांच्याही चेहऱ्यावर मी भीतीच नोंदवली.

५ डिसेंबर
फार विचार केला. गूळ पाहून लोक आधीच बिचकतात. मग माझी नोंद खरी कशी? अभ्यास संपेपर्यंत गूळ बंद ठेवा, असं साहेबांना विनवलं. त्यांनी लगेच मानलं. हुसेनबी एवढंच म्हणाल्या, ताई, मग तिला आता कोण समजावणार?

७ डिसेंबर
फोटोपुढे सगळ्यांचा एकच भाव. राग. सहलीच्या मुली, नवं जोडपं, म्हातारे. जबडा आवळलेला, डोळे बारीक. विचारलं तर म्हणतात, मजा आली की.
आणि ते फोटोकडे बघतच नाहीत. संयोगिताकडे बघतात.

८ डिसेंबर
पिराजींनी संयोगिताचा दंड धरला. सोडेनात. मी ओरडले तेव्हा भानावर आले, ढसाढसा रडले.
हुसेनबींनी पुन्हा गूळ ठेवला. एकही मुंगी आली नाही.

९ डिसेंबर
साहेबांना हात जोडले, पोरीला घरी ठेवा. हसले. मग फोटोपुढे थांबले — पोरीचे सख्खे वडील — तोच जबडा —
मी तिला उचलून पळाले. राधानगरीला मावशीकडे लपवते. एसटीत कंडक्टर म्हणाला, ताई, कुणावर एवढं तापलाय?
मी? मी तर —

मावशीच्या गावाआधीच उतरले. का, ते —
इथे दाट झाडी. पोरीला झाडाखाली बसवलंय. ती हसतेय. रड म्हटलं.
माझं तान्हं किती रडलं होतं.
रड की. तू रडलीस म्हणजे तो —