त्रिविक्रमरावांची साखर आणि तुझी सुकेळी

येलहंका, बेंगळूर
१२ नोव्हेंबर १९९४

तीर्थस्वरूप मथुरामावशीस,

राजसचा पालथ्या अंगाने नमस्कार (खाटेवर पडूनच लिहितोय, तेव्हा साष्टांग झालाच). तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि वसईची हवा तिन्ही ताळ्यावर असतील. माझं विचारू नकोस. केळं या फळाचं मी आता जन्मात तोंड बघणार नाही, आणि त्याला कारण तू पाठवलेलं पुडकं.

आमच्या शेजारचे त्रिविक्रमराव तुला ठाऊक नाहीत, भाग्यवान आहेस. चाळीस वर्षं इथे राहून मराठीत कानडी कालवणारा, सरकारी कारखान्यातून रिटायर झालेला आणि स्वतःच्या मधुमेहाला हाताखालचा कामगार समजणारा माणूस (दम भरला की ऐकेल!). त्यांचा सिद्धांत असा की केळं उपासाला चालतं, म्हणजे सात्त्विक, म्हणजे त्याने साखर वाढणं शक्यच नाही. एकादशीला वाडगाभर शिकरण, एरवी केळ्याची भजी नाहीतर हलवा. वर म्हणणार, "देवाला चालतं ते मला का नको?" (देवाची तपासणी करावी लागत नाही, यांची लागते.)

ती तपासणी मी करायचो. नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं म्हणजे थोडी साखर, पिवळं म्हणजे जास्त, आणि विटेसारखं लाल झालं की घरात सुतकी चेहरे. तिसऱ्या वर्षाला कॉलेजला लाथ मारून आलेल्या माझ्या विद्येचा एवढाच उपयोग. पण दिवा धरायला त्यांची मुलगी श्यामला उभी असायची, मग पदवी गेली खड्ड्यात! (कॉलेजात गाढवं गाढवांना शिकवतात, या मतावर मी ठाम आहे.)

मी ग्रंथालयात बसून शोधलं. कच्च्या केळ्यातलं पीठ सावकाश पचतं, केळं पिकलं की त्याचीच साखर होते, आणि त्यात गूळ-तूप ओतलं की बोलायलाच नको. लगेच फर्मान काढलं: हलवा, शिकरण, भजी बंद, उकडलेल्या कच्च्या केळ्याची बिनगुळाची भाजी सुरू, तीही भात निम्मा करून. आठ दिवसांत नळी निळीशार! श्यामला म्हणाली, "हुशार आहेस की रे." मावशी, त्या एका वाक्यावर मी तुझ्या सुकेळ्यांचं पुडकं तिच्यासाठी ठेवून आलो, आत केळीच्या पानाच्या घडीत तिला लिहिलेलं चार पानी पत्र खुपसून.

दुसऱ्या दिवशी नळी लालभडक. त्रिविक्रमराव म्हणतात, "बघ, तुझी कच्ची केळीच बाधली!" माझं डोकं फिरलं. "चोरी पकडून दाखवतो," म्हणत मी सगळ्या घरादेखत त्यांची उशी उचलली. खाली रिकामं पुडकं! "वाळवलेलं केळं ते. पाणी उडालं तशी साखरही उडाली असणार की," म्हणे. (हा माणूस इंजिनिअर होता!) मी विजयाने पुडकं झटकलं आणि माझंच पत्र श्यामलाच्या आईच्या पायांशी पडलं.

"चार पानं वाचता वाचता अकरा सुकेळी कधी संपली कळलंच नाही," त्रिविक्रमराव शांतपणे म्हणाले. "पत्र लांबवलंस तू. साखर वाढली ती तुझ्यामुळे."

श्यामला एवढंच म्हणाली, "स्वल्प गप्प बसला असतास तर?"

त्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. केळी झूट, मधुमेह झूट, प्रेम तर महाझूट.

तुझा संतप्त भाचा,
राजस

ता. क. आज सकाळी श्यामला नळी घेऊन दारात आली. तिच्या आईने धरली की काच तडकते म्हणे. गेलो. (पायरी एकच आहे.)

ता. क. २. रंग हिरवा निघाला. त्रिविक्रमराव म्हणाले, "राहिलेलं कॉलेज पुरं कर, मग घरचं मोठं माणूस घेऊन बोलायला ये. सरी?" श्यामलाकडे बघितलं, ती हसली. मी सरी, म्हणजे कबूल, म्हणून टाकलं. तेव्हा मी परत कॉलेजला जातोय हे बाबांना तूच सांग. माझ्या तोंडून त्यांना खरं वाटणार नाही. आणि गाढवांचा कंस वाचून दाखवू नकोस.

ता. क. ३. मोठं माणूस म्हणून तूच ये. मात्र सुकेळी आणू नकोस. पत्र अजून त्यांच्याकडेच आहे.